धुराची बातमी

यंदा गुऱ्हाळ पेटल्याची बातमी मला आधी नाकाने दिली, मोबाईल त्यानंतर वाजला. सकाळचा सडा टाकत होते. कालव्याकडून वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर उकळत्या रसाचा वास आला, थोडा गोड, थोडा करपट, नाकातून थेट पोटात उतरणारा. मी बादली खाली ठेवली आणि मान वर करून धुराडं पाहिलं. धूर पांढरा होता. सरळ वर चढला आणि पेरूच्या बागेवर जाऊन विरला. मग मी उरलेला सडा टाकला, पण रांगोळी त्या दिवशी जरा मोठीच काढली.

आमची वस्ती खुटबावच्या पुढे, कालव्याच्या कडेला. घरं मोजकी, आडनाव एकच, त्यामुळे भांडणंही घरातलीच. मी इथली सून. माहेर भीमेच्या पल्याड, वडगाव रासाईचं. डी.एड. केलं, नोकरी लागली नाही, आणि दिवसभर शेंगा फोडत बसायचा मला भारी कंटाळा. म्हणून फोनवर बातम्यांचा चॅनल काढला. कुठल्या फीडरची लाइट दिवसा आहे, कांद्याला काय बाजार निघाला, कुणाचा दशक्रिया विधी कुठल्या घाटावर आहे, आणि बिबट्या दिसला म्हणतात तो खरंच दिसला की दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातला फोटो फिरतोय, हे सगळं मी सांगते. डोक्यावर पदर आणि हातात फोन, एवढाच माझा स्टुडिओ.

पत्रकारिता कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी सांगते, फडताळात. लोकांना वाटतं मी थट्टा करते. माझ्या माहेरी पेपर दुपारच्या एसटीने यायचा. पारावर एक गुरुजी तो मोठ्याने वाचायचे आणि पुरुष मंडळी ऐकायची. मग तो घरोघर फिरायचा, पुरुषांच्याच हातातून. बायकांच्या वाट्याला यायचा तेव्हा तो शिळा होऊन फडताळात डब्यांखाली अंथरलेला असायचा. मी डबे उचलून वाचायचे. हळदीच्या डब्याखाली निवडणूक, तांदळाच्या डब्याखाली दुष्काळ. निकाल कधीच लागून गेलेला असायचा, पाऊसही पडून गेलेला असायचा, आणि मी मात्र पुढे काय झालं असेल या काळजीत. पुढचं पान आईने शेतात भाकरी बांधून नेलेलं असायचं.

त्यामुळे ऑनलाइनवाल्यांनी बातमीची अब्रू घालवली, असं कुणी खुर्चीत रेलून म्हणालं की माझं डोकं फिरतं. ती अब्रू आमच्यापर्यंत येईतो तिच्यावर तेलाचे डाग पडलेले असायचे. आज माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, अक्षर ओळखत नाहीत, पण बातमी शिळी होऊ देत नाहीत. फोन कानाला लावून त्या माझा चॅनल ऐकतात आणि मध्ये मध्ये "व्हय, व्हय" म्हणतात. एकदा मी एका मयताची बातमी टाकली होती. आत्यांनी फोनमधल्या मला विचारलं, "कवा गेला गं?" मी शेजारी बसून भाकऱ्या थापत होते.

गुऱ्हाळ आप्पांचं. आप्पा म्हणजे आत्यांचे धाकटे दीर, माझे चुलतसासरे. लहानपणी त्यांना आत्यांनी जेवू घातलं, शाळेत घातलं, त्यांच्या लग्नात वरमाईसारख्या मिरवल्या. थंडीत आमच्या वस्तीचं सगळं जगणं त्या गुऱ्हाळाभोवती फिरतं. घाण्याची घरघर सुरू असते, काहिलीत रस रटरटत असतो, मळी काढणारा घामाघूम आणि बघणारे कानटोपीत. मग कुणी गरम गुळात शेंगदाणे बुडवतो, कुणी काकवीची किटली भरून घेतो. चुलवाणाच्या उबेला बसून पुरुष तालुक्याचं राजकारण मिटवतात आणि पेटवतात. किटली भरायला गेलेली बाई मुद्दाम रांगेत मागे राहते, कारण पुढच्या बोलण्यात काहीतरी कळणार असतं. मीही अशी मागे राहिले आहे.

हंगामाची पहिली काहील उतरली की त्यातला गूळ आधी देवाला जातो आणि मग भावकीतल्या प्रत्येक घरी. उंबऱ्यावर ढेप आली की समजायचं, आपण अजून भावकीत आहोत. आत्यांचा चहा बारा महिने त्याच गुळाचा. साखरेच्या चहाला त्या आजाऱ्याचा चहा म्हणतात आणि कुणाच्या घरी मिळालाच तर बशी अर्धी ठेवून उठतात.

आणि मग तो हंगाम आला. त्या वर्षी ऐन थंडीत अवकाळी पाऊस पडला. ऊस गाळून उरलेलं चिपाड वाळवायचं आणि तेच चुलवाणात सारायचं, ही आमच्याकडची रीत. चिपाड भिजलं तशी ती रीतही भिजली. कारेगावकडून टेंपो यायला लागले. कंपन्यांच्या मागे पडलेलं भंगार त्यात असायचं, रबराच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या चिंध्या, फाटके बूट. माझे मालक कारेगावात एका कंपनीत आहेत, आठवडाभर तिथेच खोली करून राहतात. त्यांनीच मला फोनवर सांगितलं की आपल्याकडचा टेंपो इथं भरताना दिसला, आणि लगेच म्हणाले की मी सांगितलं असं कुणाला बोलू नकोस.

बोलायची गरजच पडली नाही. धूर बोलला. धुराड्यातून काळा लोळ निघायचा आणि वर न जाता वस्तीवर पसरायचा. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर काजळीचे ठिपके पडायचे. मेथी धुतली की पाणी काळं. रसाचा वास गेला आणि जळक्या चपलांचा वास आला, तोही भाकरीच्या घासात. आत्यांचा खोकला तेव्हापासूनचा. पाठीला उशी लावून बसल्याशिवाय त्यांना श्वास पुरेना. डॉक्टरांनी पंप दिला आणि धुरापासून लांब राहा म्हणाले. लांब म्हणजे कुठे, ह्या वयात माहेरी पाठवू?

मी आधी सरळ मार्गाने गेले. तालुक्याच्या एका वार्ताहराला फोन लावला. माणूस वाईट नव्हता, त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की दिवाळीच्या जाहिराती गुऱ्हाळवाले देतात, आणि आप्पा तर सोसायटीचे चेअरमन, तुम्हीच सांगा मी काय करू. मी काय सांगणार? आप्पांचा वाढदिवस झाला तेव्हा त्याच पेपरात त्यांचा हात जोडलेला फोटो पानभर आला होता. वाढदिवसाला पान होतं आणि खोकल्याला ओळ नव्हती. मला त्या दिवशी इतका राग आला की कालवणात मीठ दोनदा पडलं.

संध्याकाळी मी गच्चीवर चढले. धुराडं दाखवलं, दोरीवरचे कपडे दाखवले, गुऱ्हाळाच्या कुंपणाबाहेर पडलेला बुटांचा ढीग दाखवला. आत्या खाली खोकत होत्या, तो आवाज आपोआपच आला. संगीत लावलं नाही, लाल अक्षरं नाचवली नाहीत. एवढंच म्हणाले की मी ह्याच घरची सून आहे आणि हा धूर माझ्याच घरावर येतो. हेही म्हणाले की चिपाडावर चालणारी गुऱ्हाळं आपल्याकडं आहेत, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. आणि बोट दाबून व्हिडिओ चॅनलवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मला आप्पांच्या सुनेने, म्हणजे माझ्या जावेने, नळावर सांगितलं. सांगताना हंडा भरून वाहत होता तरी तिचं लक्ष नव्हतं. आप्पांकडे बटणाचा फोन. पहाटे कुठल्याशा पाहुण्याने त्यांना कळवलं की तुमच्या गुऱ्हाळाची बातमी आली आहे. आप्पांच्या हिशेबी बातमी येते ती पेपरात, आणि नको असलेली बातमी आली तर काय करायचं याचीही आमच्याकडे जुनी पद्धत आहे. फाट्यावर जायचं आणि पेपरवाल्याकडचा सगळा गठ्ठाच विकत घ्यायचा. कुणाच्या हाती पेपर गेला नाही तर बातमी कुणी वाचायची? थोरामोठ्यांनी आजवर हेच केलं आणि ते खपूनही गेलं. आप्पांनी मुलाला, संपतला, मोटारसायकलवर पिटाळलं. संपतच्या खिशात चांगला मोठा फोन होता. पण त्या घरात आप्पा बोलले की पाय आधी चालतात.

संपतने फाट्यावरचे झाडून सगळे पेपर उचलले. वस्तीत त्या दिवशी कुणालाच राशिभविष्य मिळालं नाही. गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून बापलेकांनी एकेक पान उलटलं. कुठे काही नाही. शेवटचं पान उलटून आप्पा खुशीत हसले आणि म्हणाले की बातमी कुठंच न्हाई, उगा घाबरवतात लोक. तेवढ्यात चुलवाणात जळण सारणारा उत्तर प्रदेशातला गडी आपला फोन घेऊन पुढे आला. त्याला तो व्हिडिओ कारेगावातल्या त्याच्या गाववाल्यांनी धाडला होता. त्याने फोन आप्पांपुढे धरला आणि म्हणाला, "मालिक, ये तो अपना ही धुआँ है।"

जाऊ सांगत होती आणि मी हसू दाबत होते. तो गठ्ठा मग चुलवाणातच गेला. निदान त्या दिवशी तरी आप्पांनी वाळलेलं जळण जाळलं.

हसू दुपारपर्यंतच टिकलं. भावकीतली वडील माणसं आप्पा-संपतला घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. बातमी आत्ताच थांबवली पाहिजे, उद्या ती आणखी लांब जाईल, असं एकमेकांना सांगत होती. उद्या म्हणजे काय, ती तर तोवर शिरूरच्या बाजारात आणि दौंडच्या स्टेशनवर पोचली होती. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा एकाने मला प्रेमाने सांगितलं की फोन दे, आम्ही पुसून टाकतो. त्यांनी माझ्या फोनच्या गॅलरीतून व्हिडिओ पुसला, फोन देवासमोर ठेवला आणि सुटकेचा श्वास घेतला. मला त्यांची कीवही आली. नदीतनं घागरभर पाणी काढून नदी आटवली असं समजणारी ती भाबडी माणसं होती.

फोनमधून पुसला तरी चॅनलवर व्हिडिओ तसाच आहे, हे संपतने आप्पांच्या कानात सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला थेट काही म्हटलं नाही, सुनेशी ते थेट बोलत नाहीत. ह्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. हे तिकडून म्हणाले, "ती म्हणंल तसं." बायकोचा मान ठेवल्यासारखं वाटतं ना? मला विचारा. त्याचा खरा अर्थ, मला यात ओढू नका. मला आप्पांपेक्षा त्या वेळी ह्यांचाच राग जास्त आला, आणि पुढच्या रविवारी मी तो काढलाही.

मग आप्पा आत्यांकडे वळले. "वहिनी, मी तुमच्या हाताखाली वाढलो. तुमचा शब्द ती मोडायची न्हाई. सांगा तिला."

सगळी बैठक आत्यांकडे बघायला लागली. मीही. आत्यांनी मला काढून टाक म्हटलं असतं तर मी काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही. त्या बोलायला गेल्या आणि खोकला आला. पदर तोंडाला लावून खोकत राहिल्या, खोकत राहिल्या. कुणी पाणी आणलं. ओट्यावरची माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली. श्वास जागेवर आला तेव्हा त्या हळू म्हणाल्या, "मला बोलायला दम पुरत न्हाई, आप्पा. तिलाच बोलू द्या."

मी म्हणाले, व्हिडिओ राहील. एवढंच म्हणाले. कपबशा उचलल्या आणि आत गेले.

खरी परीक्षा अजून पुढेच होती, आणि ती घेतली माझ्याच जातीच्या लोकांनी, म्हणजे फोनवाल्यांनी. कुठल्याशा चॅनलने माझा व्हिडिओ उचलला, माझं नाव कापलं, चिपाडाच्या गुऱ्हाळांबद्दलचं माझं वाक्य कापलं, आत्यांच्या खोकल्यावर भुताच्या सिनेमातलं संगीत लावलं आणि वर लिहिलं, विषारी गूळ. बघता बघता तेच सगळीकडे पसरलं. बाजारात व्यापारी आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाच्याच गुळाकडे नाक मुरडू लागले. पलीकडच्या वस्तीवरचे एक मामा तडक आमच्या अंगणात आले. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, यांनी जमीन सुधारून ऊस केला, गुऱ्हाळ घातलं, आणि चिपाडाशिवाय दुसरं काही कधी जाळलं नाही. त्यांनी ढेप माझ्या हातात दिली आणि विचारलं, "ह्यात ईख कुठं हाय, तेवढं दाव मला."

मी ढेप ओट्यावर ठेवली. पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर निघाले. त्यांच्या गुऱ्हाळावर उभी राहून घाण्यात ऊस जाण्यापासून साच्यात गूळ पडेपर्यंत सगळं दाखवलं, मध्ये एकही काप न देता. तो व्हिडिओ किती जणांनी पाहिला? काळ्या धुराला जेवढी माणसं जमली त्यांच्या पासंगालाही ही पुरली नाहीत. चांगल्या धुराला गर्दी होत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि त्याचा संतापही आला. मग मी ज्या ज्या पानावर माझा चोरलेला व्हिडिओ होता तिथे जाऊन लिहीत सुटले, हा माझा आहे, अर्धा आहे, पुरा इथे बघा. लोकांनी खाली काय काय लिहिलं. भावकी विकली म्हणाले, पदर घेऊन नाटक करते म्हणाले. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. शिवी देणाऱ्यालाही दिलं, अहो जाहो करून. माझी बोटं दुखली, पण काही पानांनी व्हिडिओ उतरवला आणि एकाने तर माफीही मागितली. बाकीच्यांशी माझं भांडण अजून चालू आहे.

म्हणून मला दोन्हीकडची माणसं आवडत नाहीत. पेपरचा काळ सोन्याचा होता म्हणणारी आवडत नाहीत, कारण त्या सोन्यात आम्ही कुठे नव्हतो. आणि फोन आला म्हणजे सत्य आलं म्हणणारीही आवडत नाहीत. फोनवर खोटं घोड्यावर बसून येतं. पण आज मलाही बोलता येतं, आणि तेवढ्यावरच मी पाय रोवून उभी आहे. पूर्वी माझ्यावर कुणी खोटं छापलं असतं तर मी ते सहा महिन्यांनी डब्याखाली वाचलं असतं.

पुढे कुणी साहेब गाडीतून आले, बघून गेले. टेंपो हळूहळू कमी झाले. गेल्या हंगामात आप्पांनी अर्धं चिपाड, अर्धं भंगार असं चालवलं, धूरही तसाच करडा. मी तोही दाखवला. पहिल्या काहिलीचा गूळ त्या वर्षी आमच्या उंबऱ्यावर आला नाही. संपतची मोटारसायकल घरोघर थांबत गेली आणि आमच्या फाटकापाशी वेग वाढवून निघून गेली. आत्या खाटेवरून बघत होत्या. मी बाजारातून गूळ आणला, त्या वर्षभर त्याचाच चहा प्यायल्या आणि रोज म्हणत राहिल्या की ह्याला आपली चव न्हाई.

यंदा आप्पांनी गुऱ्हाळामागचं रान मोकळं केलं, तिथे चिपाड वाळत पडलेलं असतं, आणि त्यावर ताडपत्रीही आहे. माझ्यामुळे असं ते मरेपर्यंत म्हणणार नाहीत. न म्हणोत. आत्यांचा दम काही गेलेला नाही, पंप उशाशीच असतो. छातीतलं काळं असं बोट दाबून पुसता येत नाही.

परवा संपत आला. फाटकाशी गाडी लावली आणि आत आला. हँडलला पिशवी, पिशवीत ढेप, अजून कोमट असावी, कारण वास अंगणभर पसरला. आत्यांची मान आपोआप तिकडे वळली.

"वहिनी," संपत जमिनीकडे बघत म्हणाला, "आता धूर चांगला हाय. आप्पा म्हणत्यात, तेवढा जुना व्हिडिओ काढा, आन् ह्यो गूळ ठिवून घ्या."

त्याला यायला किती जड गेलं असेल ते दिसत होतं. मी त्याला सांगितलं की आजच पांढऱ्या धुराचा व्हिडिओ टाकते, आप्पांचं नाव घेऊन चांगलं म्हणते, कारण ते चांगलंच आहे. जुना मात्र राहील. तो काढला तर पुढच्या अवकाळीला टेंपो परत येतील. आणि त्यात आत्यांचा खोकला आहे, तो पुसला तर जसं काही घडलंच नाही.

"मग ह्यो मला माघारी न्यावा लागंल," संपत म्हणाला.

मी आत्यांकडे बघितलं. माझ्या हट्टाची किंमत त्यांच्या कपातून जाणार होती आणि ती मी त्यांना न विचारता ठरवली होती. मला एकदम रडू आल्यासारखं झालं. आत्या पिशवीकडे बघत होत्या. मग त्यांनी नजर उचलून दोरीवरच्या आपल्या लुगड्याकडे पाहिलं. सकाळपासून बाहेर होतं आणि जसं धुतलं तसंच होतं.

"न्ये बाबा," आत्या म्हणाल्या. "आप्पाला सांग, धूर झ्याक हाय."

संपत गेला. मी गच्चीवर चढून धुराडं घेतलं, पेरूची बाग घेतली, दोरीवरचं लुगडं घेतलं, आणि जुन्या व्हिडिओच्या शेजारी टाकलं. खाली आले तेव्हा आत्या फोन कानाला लावून तेच ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. संपलं तसा त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

"च्या टाक गं," त्या म्हणाल्या. "साखरंचा."